उत्तरेच्या उजेडात मॉनिटर

आमच्या घरी कुठलीही वस्तू विकत घ्यायची झाली, की ती आधी दुकानाबाहेर नेऊन उत्तरेच्या उजेडात पाहिली जायची. लुगडं असो, तुरीची डाळ असो, नाहीतर माझ्या पायातली चप्पल, बाबा दुकानदाराला म्हणायचे, "जरा बाहीर घेऊन या बरं." दुकानदार कितीही कुरकुरला तरी त्यांना फरक पडायचा नाही. बाबा हिंगणघाटला एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. शेतकऱ्याच्या गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचं आणि मग रंग पारखायला उत्तरेच्या खिडकीशी जायचं, हे त्यांचं रोजचं काम. "बल्बाखाली सारा कापूस गोराच दिसते," हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले असेन. ताईला पाहायला पहिल्यांदा पाहुणे आले ते दिवेलागणीला, तर बाबांनी मायला हळूच विचारलं, "पोरगा सकाळी नसता का बलावता आला?" त्यावर माय इतकी हसली की चुलीवरचा चहा उतू गेला. पाहुणे बिचारे बाहेर बसून होते, त्यांना काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

या उजेडाच्या भक्तीचा सगळ्यात जास्त जाच कोणाला झाला असेल तर तो मला. माझे डोळे जन्मापासून अधू. अगदी आंधळी नव्हते. माणूस आला-गेला कळायचा, ताटातली भाजी वासावरून ओळखू यायची, पण पुस्तक उघडलं की पानावर नुसता पांढरा भपका. डॉक्टर झाले, चष्मे झाले, एका चष्म्यानं तर नाकावर कायमचा खळगा करून ठेवला, अक्षर काही दिसलं नाही. मग बाबांनी आपल्या परीनं इलाज काढला. उत्तरेच्या खिडकीखाली माझ्यासाठी चटई टाकली. तिथं जमेना तेव्हा ओसरीत, आणि ओसरीत जमेना तेव्हा भर अंगणात. "कुंदे, उजेडात ये. अजून इकडं सरक. उजेडात ये ना बापा!" मी सरकायचे. डोळ्यांतून पाणी वाहायचं, पापण्या आपोआप मिटायच्या, नाक पानाला टेकायचं. बाबांना वाटायचं, पोरगी काय मन लावून अभ्यास करून राहिली आहे! आणि मला वाटायचं, वाचणं म्हणजे हेच असतं; सगळ्यांच्याच डोळ्यांतून असं पाणी येत असणार, फक्त बाकीच्यांना त्याची सवय झालेली असणार. पाटी होती तोवर मी वर्गात पुढे असायचे, हेही सांगून ठेवते. वह्या आल्या आणि मागे पडले. घरातले म्हणाले, पोरीचे डोळे आणखी गेले.

मग माझं सगळं वाचन ताईच्या तोंडून सुरू झालं. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण सुनंदा, तिनं मला काय वाचून दाखवलं नाही! पुस्तकं तर दाखवलीच, पण एस्टीच्या पाट्या, दुकानांची नावं, भजी बांधून आलेला पेपरचा तुकडा, मसाल्याच्या पुडीवरचा पत्ता, सगळं. सकाळी बाबांची वंदना संपली, जिनिंगचा भोंगा झाला, की स्वयंपाकघरात ताईचा आवाज लागायचा. ती भिंतीला टेकून वाचायची, मी तिच्या मांडीशी बसायचे आणि माय चुलीपुढे भाकरी थापायची. मायला शाळा ठाऊक नव्हती, त्यामुळे माझ्यासोबत तिचीही शाळा झाली. इतिहासातल्या लढाईत तिचा हात थबकायचा आणि भाकर तव्यावर करपायची. ताई नुसतं वाचत नसे, सोंगं आणत असे. राजाला जाड आवाज, म्हातारीला पातळ, आणि भूगोल वाचायचा कंटाळा आला की तोही राजाच्या आवाजात. अजूनही पर्जन्यमान हा शब्द ऐकला की मला मिशा दिसतात.

आमच्या पुस्तकात एक धडा होता, वैद्यबुवांच्या घोडीचा. घोडीचं नाव बिजली. नदीला पूर आलेला, पलीकडच्या गावात बाळंतीण अडलेली, आणि बिजली वैद्यबुवांना पाठीवर घेऊन पुरात शिरते. त्यांना काठाला लावते आणि स्वतः पाण्यात दिसेनाशी होते. इथं मायचा जीव कासावीस व्हायचा. "आली का वो घोडी?" ती विचारायची. ताई पान उलटायची आणि वाचायची, की पहाटे वैद्यबुवांनी दार उघडलं तर अंगणात बिजली उभी, ओलीचिंब. "मंग बरं झालं," माय म्हणायची आणि भाकर उलटायची. हा धडा आमच्याकडे इतक्या वेळा वाचला गेला की शाळा सुटल्यावरही चालू राहिला, मायला करमेनासं झालं की ती म्हणायची, "सुनंदे, थो घोडीचा वाच." परीक्षेत या धड्यावर प्रश्न आला. मी मोठ्या तोऱ्यात लेखनिक मुलीकडून लिहून घेतलं, की बिजली घरी आली. सरांनी भोपळा दिला. ताईला विचारलं तर म्हणाली, "थो मास्तरच खडूस आहे, त्याच्या काय नादी लागतं!" मला ते पटलं. सर खडूस होतेच.

या ताईला समुद्रपूरहून मागणी आली. मुलगा तिथल्या शाळेत मास्तर होता. ताई हिंगणघाटला मराठी टायपिंगच्या क्लासला जायची, तिथं त्यानं तिला पाहिलं होतं आणि तिनंही त्याला पाहिलं होतं, हे मला तिच्या आवाजावरून कळलं. समुद्रपूर म्हटलं की तिचा आवाज किंचित मऊ यायचा. डोळ्यांनी दिसत नसलं की अशा गोष्टी लवकर कळतात. पण ताई हो म्हणेना. आधी म्हणाली, कुंदीची बारावी होऊ द्या. बारावी झाली तर म्हणाली, तिचं बीएचं पहिलं वर्ष तर होऊ द्या. समुद्रपूरची माणसं भली म्हणून थांबली, पण थांबून थांबून किती थांबणार? एका दुपारी मी पडवीत पडले होते, झोपले असं समजून ताई आत मायला म्हणाली, "मी गेलो तर तिले कोन वाचून दाखवन, माय? दादाले तर चार ओळी वाचल्या की जांभया येते." मी कूस बदलली आणि तोंडात पदर कोंबला. माझ्या डोळ्यांपायी ताईचं घर बसत नाही, हे मला त्या दिवशी समजलं, आणि त्यानंतर तिचा आवाज ऐकताना पूर्वीसारखं सुख लागेना.

आता दादाचं सांगते. दादा म्हणजे विलास, ताईपेक्षा लहान, माझ्यापेक्षा मोठा, पॉलिटेक्निकला होता. त्यानं घरीच कॉम्प्युटर बनवायचा घाट घातला. ताईनं जांभयांबद्दल त्याला कधी टोमणा मारला होता की काय कोण जाणे, पण तो एकदम म्हणाला, "कॉम्प्युटरच्या पडद्यावर अक्षर वाट्टेल तेवढं मोठं करता येते. भोपळ्याएवढं कर ना! मंग कुंदीले कोनाची गरज नाई." नागपूरहून कोणी येणारं असलं की एकेक भाग यायचा. आज हे, पुढच्या महिन्यात ते. हे सगळं ठेवायचा पत्र्याचा डबा घ्यायचं काही जमलं नाही, म्हणून दादानं सगळं सामान मायच्या एका जुन्या पाटावर स्क्रूनं बसवलं. ज्या पाटावर ताईला आणि मला न्हाऊ घातलं होतं, त्याच्यावर हिरवी पाटी, तारा, पंखा! जिनिंग जवळ असल्यानं आमच्याकडे हवेतसुद्धा रुई उडायची. ती पंख्यात शिरू नये म्हणून माय काम झालं की त्यावर भाकरीची टोपली पालथी घालायची. कोंबडीखाली अंडी ठेवावीत तसा आमचा कॉम्प्युटर टोपलीखाली असायचा. पाहुणे विचारायचे, "हे काय हाये?" आणि माय ऐटीत सांगायची, "कॉम्प्युटर झाकून ठेवला."

मॉनिटर सोडून सगळं आलं होतं. मॉनिटर नसताना दादा बटण दाबायचा, पंखा घरघरायचा, आतून किर्र किर्र व्हायचं आणि शेवटी एक बारीक 'टीक' यायचं. "पाय, चालू झाला!" दादा ओरडायचा. बाकीच्यांना त्यात काही वाटत नसे, पण मी तासन् तास त्या पाटाजवळ बसून राहायचे. त्याचे आवाज मला पाठ झाले. एकदा पंख्यात रुई अडकली तर ती दादाच्या आधी मला कळली. टीक झाल्यावर आत काय होत असेल, याचा मी फार विचार करायचे. सगळं चालू आहे, आत काही तरी घडतं आहे आणि बाहेर काहीच दिसत नाही, म्हणून मला त्याची माया वाटायची.

मनातून मी घाबरलेही होते. दादानं मला एकदा त्याच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरसमोर बसवलं होतं. अक्षर खरंच मोठं केलं होतं त्यानं. मला मात्र उजेडाचा एक पांढरा चौकोन दिसला आणि डोळ्यांतून पाणी आलं. दादानं त्यावरून ठरवलं, की आपल्याला आणखी मोठा पडदा पाहिजे, आणि रंगीत. बाबांनी ठरवलं, की आपल्याला आणखी उजळ पडदा पाहिजे. दोघांचं दिवसभर यावर वाजायचं. ताईनं काहीच ठरवलं नाही. तिनं फक्त समुद्रपूरला आणखी एक निरोप धाडला, की दिवाळीपर्यंत थांबा.

वर्ध्याला मुरलीशेठ म्हणून एक व्यापारी होते. त्यांचा मूळ धंदा सरकीच्या ढेपेचा, पण अलीकडे ते कचेऱ्यांमधून निघालेले जुने मॉनिटर घेऊन विकायचे. बाबांची त्यांची जुनी ओळख. एका रविवारी आम्ही चौघं निघालो. मायनं भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत बांधून दिलं, आणि बाबांना बजावलं, "दुकानदाराशी भांडू नका, अन् माल बाहीर न्याले लावू नका." वर्ध्याच्या स्टँडवर दादानं तर्रीपोहे खाल्ले, वर आमच्यातलं भरीतही खाल्लं. मी माझी भाकरही त्याच्याकडे सरकवली. आज पडदा मिळाला आणि त्यावरही मला दिसलं नाही, तर ताई कायमची आमच्या भिंतीला टेकून बसणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शेठचं गोदाम लांबोडकं, ढेपेच्या वासाचं. खिडक्यांपुढे पोत्यांची थप्पी, त्यामुळे भरदुपारी आत अंधार. एका बाजूला मॉनिटर मांडलेले होते. "हा पाहा पंधरा इंची, रंगीत, बँकेतून निघालेला," शेठ म्हणाले, आणि दादा त्यापुढे जो उभा राहिला तो हलेचना. शेठनं चाचणीच्या कॉम्प्युटरला तो जोडला, चालू केला, दादाच्या तोंडून "अबब" निघालं. बाबांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा वरच्या बल्बकडे पाहिलं, आणि जे बोलू नये म्हणून मायनं बजावलं होतं तेच बोलले.

"शेठ, जरा बाहीर घेऊन या बरं."

"बाहेर? अहो, हा मॉनिटर आहे."

"मंग काय झालं? माल बाहीर पाह्यल्याबिगर मी घेत नसतो. तुमाले तं मालूम आहे."

"बाबा, हे कापूस नोय ना!" दादा कळवळला. पण ऐकतील तर ते बाबा कसले! टेबल अंगणात निघालं, वायर लांबवली, कॉम्प्युटर बाहेर आला, पंधरा इंची रंगीत बाहेर आला. ताईनं मला आत एका पोत्यावर बसवलं आणि तीही माझ्याशेजारी बसली, कारण बाहेरच्या उन्हात माझे डोळे उघडतच नव्हते. बाहेरून सगळं ऐकू येत होतं. "हा तं फिका हाये," बाबा म्हणाले. दुसरा नेला. "हा मळकट." तिसरा नेला. "याच्यात तं मीच दिसून राह्यलो!" भर उन्हात कुठल्या मॉनिटरवर काय दिसणार? पण बाबांनी हयातभर ज्या उजेडात खरं-खोटं केलं, त्या उजेडात हे टिकत नाहीत म्हणजे सगळा मालच खराब, असा त्यांचा निकाल. शेठचा आवाज चढला, दादाचा चढला. ताई हसता हसता माझ्या खांद्यावर कोसळत होती. "कुंदे, बाबानं आता मॉनिटरचा धागा ओढून पाह्यला नाई म्हंजे मिळवलं!"

शेवटी शेठ वैतागून कॉम्प्युटर उचलून आत आले. बाहेर बाबा आणि दादा तावातावानं बोलतच होते. एवढ्या उचलठेवीत कॉम्प्युटर बिघडला तर नाही ना, हे पाहायला शेठनं तो कोपऱ्यातल्या एका जुन्या, लहानशा, काळ्या-पांढऱ्या मॉनिटरला जोडला आणि बटण दाबलं. पंखा घरघरला. आत किर्र किर्र झालं. आमच्या पाटावर व्हायचं अगदी तसंच. मग टीक झालं, आणि मी सवयीनं त्या आवाजाकडे तोंड केलं.

तिथं आकडे धावत होते. काळ्या अंधारात पांढरेशुभ्र आकडे, एकामागून एक बदलत, वाढत, आणि प्रत्येक आकडा स्वतःच्या अंगानं उजळलेला. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पापण्या मिटल्या नव्हत्या. मी श्वास धरून बसले होते. टीक झाल्यावर आत काय होतं, ते हे होतं तर! इतके दिवस आमच्या टोपलीखाली हे आकडे रोज धावत होते आणि आम्हा कोणाला ते दिसत नव्हते. मला पहिलीतली पाटी आठवली, ताईनं एबीसीडीच्याही आधी गिरवून दिलेला पहिला ग आठवला, त्याचा कान्यासारखा उभा दांडा आठवला. अगं माय, म्हणजे मला दिसत होतं! तेव्हाही दिसत होतं!

"ताई," मी म्हणाले, "आकडे धावून राह्यले."

"कुठं?"

"त्या कोपऱ्यात. आता थांबले. खाली इंग्रजी आलं." आणि मी पोत्यावरून उठून, पडद्यापासून हातभर अंतरावर उभी राहून, एकेक अक्षर म्हणायला लागले. नाक न टेकवता. ताई आधी माझ्याकडे पाहत होती, मग पडद्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. शेठ म्हणाले, "बरोबर वाचून राह्यली की वो बाई!" आणि ताई जी किंचाळली, "बाबा!", त्यानं अंगणातलं भांडण बंद पडलं.

बाबा धावत आत आले आणि दारातच थबकले. उन्हातून एकदम अंधारात आल्यानं त्यांना काही दिसेना. हात पुढे करून ते चाचपडत होते, एका पोत्याला अडखळले. आणि मला ते दिसत होते. त्यांचं डोकं, खांदे, पुढे धरलेले हात. जन्मभर मला धरून नेणारा माणूस. मी पुढे झाले आणि त्यांचा हात धरला. "बाबा, खाली पायरी हाये," मी म्हणाले, "इकडून या."

त्यांना पडद्यापुढे आणलं. शेठनं पुन्हा बंद करून चालू केलं, पुन्हा आकडे धावले, कॉम्प्युटर सुरू होताना आपली मेमरी मोजतो तेच, आणि मी पुन्हा वाचलं. बाबांनी आणखी एकदा करायला लावलं. मग ते त्या पोत्यावर बसले. "मी तुले जनमभर उजेडात बसोलं, पोरी," एवढंच ते शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधीच ऐकला नव्हता. ताईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला मात्र त्या वेळी ना राग होता, ना दुःख. मला पुन्हा ते आकडे पाहायचे होते, बस्स. पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी मला माझ्या आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि समजावलं, की काही डोळे उजेडातच आंधळे होतात. पण हे मला ढेपेच्या गोदामात आधीच कळलं होतं. आज माझे केस पिकलेत आणि माझा फोनही काळ्यावर पांढरं दाखवतो. भाची म्हणते, "मावशी, तुझं एकदम फॅशनमध्ये हाये." म्हणू दे बापडी.

मॉनिटर कुठला घ्यायचा हे आता सोपं झालं असं तुम्हाला वाटेल, पण दादाचा जीव त्या पंधरा इंचीत अडकला होता. "याच्यावरही काळ्यावर पांढरं करता येते," तो म्हणाला आणि त्यानं करून दाखवलं. मी पाहिलं. अक्षर दिसलं, पण प्रत्येक अक्षराच्या एका कडेला तांबूस झाक, दुसऱ्या कडेला वेगळीच, आणि दोन्ही मिळून ते थरथरल्यासारखं वाटे. काळ्या-पांढऱ्यावरचं अक्षर कसं, विळ्यानं कापलेलं. मी काही बोलायच्या आत दादाच म्हणाला, "समजलं मले. तुया थोबाडावरूनच समजलं." मग रंगीत मॉनिटरवर हात फिरवत तो ताईला म्हणाला, "लोक रंगीत घेऊन राह्यले अन् आपण मागं चाललो, पाय!" पण उचलला त्यानंच, आणि काळा-पांढराच उचलला. बाबांनी तो बाहेर नेऊन पाहिला नाही. आमच्या घरात उत्तरेचा उजेड न दाखवता घेतलेली ती पहिली वस्तू.

परतीच्या एस्टीत तो गोधडीत गुंडाळून ताईच्या मांडीवर होता. कंडक्टरनं विचारलं, "काय हाये बाई त्यात?" ताई म्हणाली, "माह्या बहिणीचे डोळे." कंडक्टर पाहतच राहिला आणि पुढे निघून गेला. मी हसले. ताई हसली नाही. वाटभर ती खिडकीबाहेर तोंड करून होती, आणि मला पाट्या वाचून दाखवायचं पहिल्यांदाच विसरली.

दुसऱ्या दिवशी जिनिंग बंद होतं. बाबांनी सकाळीच माझी चटई गुंडाळून माळ्यावर टाकली आणि उत्तरेच्या खिडकीवर जाड चवाळं ठोकलं. खिळे तोंडात धरून स्वतः ठोकलं, कोणाला हात लावू दिला नाही. खोली काळोखी झाली. दादानं पाट मधोमध मांडला, तारा जोडल्या, मराठी अक्षर बसवलं, पडदा काळा केला, अक्षर पांढरं आणि वाटीएवढं मोठं. "टाइप कर," तो ताईला म्हणाला. ताईला टायपिंग येत होतं. "काय करू?" "काहीबी कर. कुंदीले वाचू दे." ताई उठली. मग आत गेली, माझं जुनं पुस्तक शोधून आणलं आणि कळा बडवायला लागली. तिनं मला बाहेर जायला सांगितलं. बऱ्याच वेळानं हाक मारली.

मी पडद्यापुढे बसले. मागून माय पाटोड्यांचा मसाला वाटत होती त्याचा वास येत होता. पहिलं अक्षर मी कितीतरी वेळ नुसतं पाहत राहिले. वै. त्यावरच्या दोन मात्रा कशा शेजारी शेजारी उभ्या! इतकं नीटनेटकं काही माझ्या पाहण्यात आलं नव्हतं. "वैद्यबुवांची..." ताईनं सवयीनं सुरुवात केली. "ताई," मी म्हणाले, "तू वाचू नको." ती थांबली. तिचं थांबणं मला ऐकू आलं. मग मी वाचायला लागले. अडखळत, जोडाक्षराशी थांबत, मोठ्यानं. दादा एकेक ओळ वर सरकवत होता. आतला पाटा-वरवंटा थांबला. माय ऐकत होती. पूर आला, बाळंतीण अडली, बिजली पाण्यात शिरली. वैद्यबुवा बोलायची जागा आली तिथं मी त्यांना ताईच्या राजाचा जाड आवाज देऊन टाकला, तर दादा फिस्सकन हसला. वैद्यबुवा काठाला लागले. बिजली दिसेनाशी झाली. दादानं ओळ वर सरकवली.

तिथं लिहिलं होतं, की वैद्यबुवा पहाटेपर्यंत काठावर हाका मारत राहिले, पण बिजली परत आली नाही. त्याखाली काळा पडदा होता. मी ती ओळ मनातच दोनदा वाचली. मग मान वळवली. ताई भिंतीला टेकून बसली होती, नेहमीसारखी, पण तिच्या हातात पुस्तक नव्हतं.

"ताई, हे..."

"पुस्तकात असंच हाये," ती हळूच म्हणाली. "पयलेपासून असंच हाये. मायले अन् तुले रडू येईन म्हून मी फिरवलं होतं. मंग रोजच फिरवावं लागलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता तुले मी काय फिरवून सांगू? तुले तं दिसते." मग तिनं दाराकडे तोंड केलं. बाबा तिथं हातोडी घेऊन उभेच होते. "बाबा," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज तसाच मऊ आला जसा एका गावाच्या नावाला यायचा, "समुद्रपूरवाल्याइले हो म्हून सांगजा."

पंखा तेवढा घरघरत होता. मला रडू फुटत होतं आणि तरी त्या पडद्यावरून नजर काढवत नव्हती. माझ्या ताईनं माझ्यासाठी टाइप केलेली, मला दिसणारी, खरी अक्षरं. तेवढ्यात आतून मायनं विचारलं, "थांबली काऊन वो? आली का घोडी?"

मी पडद्यावरच्या शेवटच्या ओळीकडे पाहिलं.

"आली ना माय," मी म्हणाले. "वलीचिंब झाली. अंगणात उभी हाये."